बाईंचा शाकाहारी कुत्रा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत येता येत नाही, म्हणून मी त्याच्या घरी जाते. घरी म्हणजे थेट बेडरूममध्ये, आणि बेडरूममध्ये कुत्रे असतात. परळच्या एका टॉवरमधला लॅब्रॅडॉर माझ्या पिशवीवर पाय वर करायचा आणि मालक त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचे. गिरगावात एक बुटका, लांबुडका कुत्रा पेशंटच्या पांघरुणात दबा धरून बसायचा. मी पांघरूण उचललं की सरळ हातावर यायचा. घर कुठलंही असो, दारात ऐकू येणारं वाक्य एकच असतं. "तो काही करत नाही."

दादरला बाईंच्या घरी हे वाक्यही कोणी म्हटलं नाही.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. जुन्या तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मुलगी ठाण्याला. चौदा वर्षांपासून घर सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या. त्या वरळीच्या बीडीडी चाळीतून सकाळी यायच्या, स्वयंपाक, धुणं, झाडलोट करून संध्याकाळी जायच्या. आणि एक पांढरा पामेरियन होता. त्याला एका गोड पदार्थाचं नाव ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर दादरमधली निम्मी माणसं घर ओळखतील.

बाईंचा उजवा गुडघा बदलला होता. पहिल्या दिवशी मी पलंगापाशी खाली बसले, त्यांची टाच हातात घेतली आणि हळूच गुडघा वाकवायला लागले. बाई कळवळल्या. त्याच क्षणी पलंगाखालून तो आला आणि माझ्या पायाला, घोट्याच्या मागे, कडकडून चावला. सोडेचना. मावशींनी सुपलीने त्याला बाजूला केलं. सलवारीतून रक्त आलं होतं.

मी बाईंना विचारलं, याला इंजेक्शनं दिलीत ना?

बाई उशीला टेकून म्हणाल्या, "त्याची सगळी वेळच्या वेळी झालीत. तुझी झालीत का ते बघ."

मग त्यांनी मला सांगितलं की तो भित्र्या माणसांनाच चावतो, माणूस कसा आहे हे त्याला वासावरून कळतं. मी कुठे राहते हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. घोडपदेव, म्हणजे गिरणगाव, म्हटल्यावर त्या नुसत्याच "हं" म्हणाल्या होत्या.

महापालिकेच्या दवाखान्यात दंडावर इंजेक्शनं घेत मी पुढचा महिना काढला. काम सोडून देता आलं असतं. सोडलं नाही, कारण मला बाईंचा राग आला होता आणि त्यांचा गुडघा माझ्या हातात होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवा गुडघा वाकवताना दुखतंच, दुखल्याशिवाय तो वाकत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण किती दुखवायचं हे माझ्या हातात असतं. पुढचे काही दिवस मी बाईंचा गुडघा गरजेपेक्षा थोडा जास्त वाकवला. इजा होईल इतका नाही. ओरडतील इतकाच. त्या ओरडल्या की मी शांतपणे म्हणायचे, बाई, श्वास सोडा. चाळीस वर्षं मुलांना उठाबशा काढायला लावलेली बाई पलंगाचा कठडा धरून श्वास सोडायची.

पण त्या ओरडल्या की तो यायचा. त्याला बाल्कनीत कोंडलं तर तासभर दाराला नखं मारायचा आणि बाईंचा जीव त्याच्यात अडकायचा. त्या म्हणायच्या, सोडा त्याला, त्याला काळजी वाटते माझी. मावशी बिचाऱ्या सुपली पायापुढे धरूनच घरात वावरायच्या. त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांवर जुने वण होते. बाई कोणी आलं की ते वण दाखवायला लावायच्या आणि म्हणायच्या, "बघा, कसा राखण करतो."

बाईंना आणखी एक अभिमान होता. तो शुद्ध शाकाहारी होता. महिन्याच्या पिल्लापासून वाढवलेला, दहीभात आणि तूप लावलेली पोळी, बस. अंडंसुद्धा कधी घरात आलं नाही. "संस्कार असतात," त्या म्हणायच्या, "कुत्र्यालासुद्धा लावता येतात. माणसांना जमत नाही, ते सोडा."

हे ऐकलं त्या दिवशी घरी येऊन मी आईला म्हटलं, बोंबलाचे तुकडे आहेत का सुके? आईने डबा काढला. कोणासाठी ते मी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"माणसांक गावत नाय नि तू कुत्र्याक घालतंस?" ती म्हणाली. तरी तिने तुकडे करून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिले.

काम सोपं होतं. व्यायामाच्या मध्ये बाईंनी डोळे मिटून दहा मोठे श्वास घ्यायचे असत. तेवढ्यात मी खिशातून करंगळीच्या नखाएवढा तुकडा, कधी बोंबलाचं डोकं, काढून पलंगाखाली टाकायचे. वासाचं काय, तर मी आधीच बाईंच्या मांडीला निलगिरीचं तेल चोळलेलं असायचं. त्यापुढे बोंबील काय, अख्खा मासळीबाजार कळला नसता.

पहिल्या दिवशी तो तुकड्याकडे बघून गुरगुरला. मग गुरगुरणं थांबलं. पलंगाखालून चघळण्याचा बारीक आवाज येत राहिला, आणि मग तो बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. सात वर्षांच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कळलं होतं की जगात असंही काही असतं. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

दोन आठवड्यांत तो माझी पावलं जिन्यात ओळखू लागला. मी आत आले की पोटावर सरपटत यायचा. बाई म्हणायच्या, बघ, आता तुझी भीती गेली म्हणून त्याचाही राग गेला. मी हो म्हणायचे. दहीभाताला तो तोंड लावेनासा झाला, तेव्हा बाईंनी दही बदललं. मग त्याच्या तोंडाला घाण वास येतो म्हणून तक्रार सुरू झाली.

"दात बघून घ्या बाई," मी सुचवलं.

मुलीने ठाण्याहून येऊन त्याला डॉक्टरकडे नेलं. भूल देऊन दात साफ केले आणि दोन काढले. तो दिवसभर मान टाकून पडला होता, तोंडातून लाल लाळ गळत होती. बाई डोळे पुसत होत्या. मी त्यांचा गुडघा वाकवत मनात म्हटलं, चला, दोन कमी झाले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी तुकडा चुरून नेला. तो त्याने माझ्या बोटांवरून चाटून घेतला.

आणि मग ज्या दिवसासाठी हे सगळं चाललं होतं, तो आला. शंभर अंशांच्या पुढे गुडघा जात नव्हता. त्या दिवशी मी जोर लावला आणि बाई किंचाळल्या. किंचाळून त्यांनी त्याला नावाने हाक मारली. तो माझ्या मांडीला टेकून बसला होता. त्याने कान हलवले, बाईंकडे पाहिलं आणि हनुवटी परत माझ्या पायावर ठेवली. चावला होता त्याच पायावर. बाईंनी पुन्हा हाक मारली. तो हलला नाही.

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दुखण्याने कोणी असं दिसत नाही. मावशी दारात ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या, त्यांनी मान फिरवली. बाईंनी पलंगाचा कठडा सोडला. मग म्हणाल्या, "कर तुझं काम." मला इतका आनंद झाला होता की जिना उतरताना मी दोन-दोन पायऱ्या उतरले.

पुढचे दिवस बाईंनी त्याला पलंगावर घेतलं नाही. तो उडी मारायला आला की चांगल्या पायाने ढकलायच्या. मी आले की त्यांना वाटायचं तो इकडेच येणार, आणि तो यायचाच. तीन महिने पूर्ण झाले तेव्हा बाईंचा गुडघा एकशेवीस अंश वाकत होता. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. शेवटच्या दिवशी तो माझ्या मागोमाग जिना उतरून फाटकापर्यंत आला. मी फाटक ओढून घेतलं आणि मागे न बघता निघाले. त्याच्यासाठी त्या दिवशी मी काहीही नेलं नव्हतं. मुद्दामच.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. मी परळला एका इमारतीखाली पेशंटची वाट बघत उभी होते. तो जेवत नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाखाली सारखं उकरत बसतो. म्हणून मावशींना दिवाणाखालून झाडू फिरवायला सांगितला, तर केराबरोबर सुक्या माशाचं डोकं बाहेर आलं. त्यानेच कधीतरी लपवून ठेवलेलं असणार. मावशींनी ते बाईंच्या देखत हाताने उचललं होतं.

"चौदा वर्षं माझ्या घरात होती," बाई म्हणाल्या. "माझ्या घरात बसून माझ्या कुत्र्याला बाटवत होती. म्हणूनच तो असा वागायला लागला. मी कालच तिला कामावरून बंद केलं."

मावशी काय म्हणाल्या, असं मी विचारलं.

"काय म्हणणार? मी नाही घातलं, म्हणाली. मग कोणी? मासे त्यांच्याच घरी." माझ्या घरी काय शिजत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं असतं तर तेव्हाच आलं असतं. आलं नाही. "तू रोज होतीस. तुला कधी दिसली का ती त्याला घालताना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. समोर पेशंटची गाडी लागली होती, वॉचमन हात करत होता. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, बाई."

"तू सांभाळून घेतेस तिला," बाई म्हणाल्या. "चांगली आहेस. पण अशा लोकांना सांभाळून घेऊ नये."

मी फोन ठेवला आणि वर जाऊन एका गृहस्थांचा खांदा तासभर हलवला. नंतरही दोन-तीनदा नंबर काढला, लावला नाही. बाईंच्या ओळखीतून मला आणखी तीन पेशंट मिळाले होते. आणि खरं सांगितलं असतं तर फक्त कुत्र्याचं सांगून भागलं नसतं, हेही मला कळत होतं.

मावशी मला पाच-सहा महिन्यांनी भेटल्या, दादरच्या भाजीबाजारात. वाळल्या होत्या. आता प्रभादेवीला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात, दिवसभर उभं राहून. पायांना सूज होती. मी सवयीने आधी पायच पाहिले. त्यांनीच बाईंचं सांगितलं. बाई आता काठीशिवाय चालतात. कुत्रा नव्या कामवालीला दोनदा चावला आणि शेवटी बाईंनाच हाताला चावला, तेव्हा मुलीने त्याला नेलं. कुठे, ते मावशींना माहीत नव्हतं. पनवेलच्या पुढे कोणाच्या तरी वाडीवर, बांधून ठेवतात म्हणे.

मी म्हटलं, मावशी, तुमच्यावर आळ आला ते मला कळलं. फार वाईट वाटलं.

त्या कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून बघत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली.

"ताई, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी काय बोंबील ओळखत नाही? तुमच्या खिशाला वास यायचा."

मग तेव्हा बाईंना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जणू चूक त्यांची होती.

"मलाही तो चावायचाच की," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला खायला घालायला लागल्यापासून माझे पाय वाचले. म्हणून गप्प राहिले. आणि नंतर, डोकं सापडलं तेव्हा..." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तेव्हा मला वाटलं, तुम्ही सांगाल."

त्या रागावलेल्या नव्हत्या. मी म्हटलं, तुमच्या पायांची सूज बघते, घरी येते एकदा, पत्ता द्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि नको म्हणाल्या. पाय ठीक आहेत, रात्री उशी घेऊन वर ठेवते, असं म्हणाल्या. मग भाजीवालीशी घासाघीस करून कोथिंबीर घेतली आणि पुढे गेल्या.

बाईंचा डावा गुडघा गेल्या महिन्यात बदलला. त्यांनी मलाच बोलावलं. आता घरात कुत्रा नाही, तुला काही त्रास नाही, असं फोनवर म्हणाल्या. मी गेले. हा गुडघा मी जितका हवा तितकाच वाकवते. दहा श्वासांसाठी बाई डोळे मिटतात, तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. कधी कधी त्या मध्येच डोळे उघडतात आणि मावशींबद्दल बोलायला लागतात, चौदा वर्षं कसं फसवलं म्हणून. मी म्हणते, बाई, बोलू नका, श्वास सोडा.