निवृत्ती सरांची चाळणी

निवृत्ती सर कॉम्प्युटरसमोर बसले, की जागे आहेत की झोपलेत हे सांगणं कठीण. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटत. अडवलेल्या मेलवरची अनोळखी नावं ते रोज सकाळी जपासारखी वाचत. खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली टेबलावर हलत राही आणि साऱ्या जगाचे लॉटरीवाले तिच्यातून हळूच निघून चाललेत, असं मला वाटे.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी कारकून होते. कॉम्प्युटर सांभाळणारे निवृत्ती सर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या मेंढपाळाच्या घरातले. कॉलेजच्या मेलमध्ये 'लॉटरी लागली' असल्या फसव्या पत्रांचा कचरा इतका साचला, की कामाचं पत्र सापडेना. तेव्हा सरांनी भंगारातला एक कॉम्प्युटर मुख्य सर्व्हरच्या पुढे बसवला. सगळं टपाल आधी त्याच्याकडे यायचं. कचरा तो पुसून टाकी, उरलेलं पुढे सोडी. "बगा, कसं बराबर गाळून येऊन राहिलंय," म्हणत सर तासभर त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले. प्राचार्यांनी दोनदा हाक मारली, पण स्वारी कुठली भानावर येते!

पुढे त्यांनी पुसणं थांबवलं आणि ते संशयास्पद मेल बाजूला ठेवायला लागले. मी म्हटलं, "काहून एवढी तकलीफ घेता?"

"मेंढरू हाकलायच्या आधी त्याचं तोंड पाहावं, ताई."

माझा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. एका सकाळी सर अडवलेल्यांतला एक मेल छापून घेऊन आले. भावाचा, परदेशातल्या सायबर कॅफेतून, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'ताई, तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर हे तिसरं पत्र. एकाचंही उत्तर नाही. आता लिहिणार नाही.'

"पयले दोन माझ्याच मशिनीनं पुसले, ताई," सर म्हणाले. "तिच्यात नोंद हाय."

सरांनी सांगितलं नसतं, तर मला कधी कळलंही नसतं. तरी मी भयंकर चिडले. भावाला लगेच उत्तर लिहिलं, त्याचा फोनही आला. सरांशी मात्र महिनाभर बोलले नाही.

आईचा एकच घोर, "त्या दोन पत्रांत काय लिवलं व्हतं?" शेवटी भावाने दोन्ही आठवून पुन्हा लिहिली. मशीनने तीही अडवली. सरांनी ती न वाचता छापली आणि स्वतः घरी आणून दिली. मी आईला वाचून दाखवेपर्यंत ते बाहेर ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले होते.

वाचून झाल्यावर आईनं डोळे पुसले. "बाहेर काहून बसला रे लेकरा? आत ये."

सर उठले आणि उंबऱ्यातच रडायला लागले. चहा टाकायला मीच उठले.