पंचांच्या कानातला आवाज

आमच्या गॅलरीसमोरच्या मैदानावर रविवारी फुटबॉल असतो. पंच आणि रेषेवरचे त्यांचे दोघे साथीदार वायरलेसवर जे बोलतात, ते माझ्या जुन्या रेडिओ-स्कॅनरवर ऐकू येतं. मी चहा घेऊन ऐकत बसतो.

काल पंचांनी पेनल्टी दिली आणि अख्खं मैदान त्यांच्या अंगावर धावून आलं. काय त्या शिव्या! तेवढ्यात स्कॅनरमधून शांत आवाज आला, "बरोबर दिलीत सर. मी पाहिलंय." पंचांचे खांदे सैल झालेले मला इथून दिसले.

एवढंच तर लागतं माणसाला. मी कुठे वाद घालत बसलो की माझी बायको पाठीमागून हळूच म्हणायची, "तुमचंच बरोबर आहे. आता पुरे." ती गेल्यापासून मी वाद घालणंच सोडलंय.

सामना संपल्यावर, वायरलेस बंद करण्याआधी पंच नेहमी विचारतात, तसं कालही विचारलं, "सगळे आहात ना?"

"आहे सर."

"आहे."

"मीपण आहे," मी म्हणालो. स्कॅनरवर नुसतं ऐकता येतं, बोलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी, न जाणो, म्हणून थोडा वेळ थांबलो.