विल्सनच्या सहीसाठी

मुंबईहून निघालेलं विमान टोरांटोला टेकेपर्यंत मी अकरा वेळा जागेवरून उठलो. शेजारची बाई वैतागली. तिला काय सांगणार? बावीस वर्षं तुरुंगाच्या मुलाखत खिडकीत (कैद्यांना नातेवाईक भेटतात ती जागा) कारकुनी केलेला हा माणूस आता स्वतःच एका कैद्याला भेटायला निघाला होता.

कैदी म्हणजे माझा भाचा विल्सन. कॅनडात दारू पिऊन गाडी चालवली, एक माणूस मेला, सात वर्षांची शिक्षा झाली. भारत आणि कॅनडात एक करार आहे. कैद्याची इच्छा असेल आणि दोन्ही सरकारं राजी असतील, तर उरलेली शिक्षा मायदेशातल्या तुरुंगात भोगता येते. पण विल्सन त्या अर्जावर सहीच करत नव्हता. "दादा, तू त्या जगातला. तुझं ऐकेल," म्हणत माझ्या बहिणीनं, रोझीनं, मला पिटाळलं. वसईत मात्र तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगा हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात आहे.

टोरांटोला लागून असलेल्या वॉनला आमच्या गावच्या डायगोच्या बेसमेंटमध्ये उतरलो. वरच्या चिंचोळ्या खिडकीतून बर्फ आणि गोदामांच्या भिंती तेवढ्या दिसत. सकाळी डायगो शोव्हल करायला (दारातला बर्फ फावड्यानं उपसायला) निघाला, तेव्हा मीही फावडं उचललं आणि तिसऱ्या पावलाला साफ आडवा झालो. "अंकल, तुम्ही आत बसा, प्लीज. इथे कुठे हॉस्पिटलला नेऊ तुम्हाला?" भेटीला अजून दोन दिवस होते. मी त्या बेसमेंटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

शनिवारी डायगोच्या गाडीनं निघालो. दोन तास पांढरी सपाट शेतं, मध्येच एखादं लाल कोठार. वाटेत भलामोठा पेला भरून कॉफी घेतली. डायगोच्या बायकोनं विल्सनसाठी सकाळी फुगे (आमच्याकडचे तळलेले गोल पाव) करून दिले होते. तुरुंगाच्या दारातल्या अधिकारी बाईनं ते हसून परत केले. मी आयुष्यभर लोकांचे डबे असेच परत केलेत, आणि तेही न हसता. तरी माझं डोकं फिरलं.

विल्सन वाळला होता. दोघांमध्ये जमिनीला ठोकलेलं टेबल.

"मामा, खरं सांगा. तिकडे कसं असतं?"

गोड गोड बोलून सही घ्यायची असं ठरवून आलो होतो. जमलं नाही. बराकीत कूस बदलायला जागा नसते, संडासाला रांग असते, मे महिन्यात जीव नकोसा होतो, सगळं सांगून टाकलं. इथं निदान तुला स्वतःची खोली आहे, असंही म्हणालो. "पण तिकडे आई भेटायला येऊ शकेल."

तो टेबलावर पुढे झुकला. "ती येईल? आणि कुणी विचारलं कुठे चाललीस, तर काय सांगेल?" मग तोच म्हणाला, "तिनं गावात खरं सांगितलं तर करतो सही. तोंड लपवून रांगेत उभी राहणार असेल, तर मी इथेच बरा."

परतीच्या विमानातही मी किती वेळा उठलो कोण जाणे. विमानतळावर रोझी उभी होती. टॅक्सीत तिला सगळं सांगितलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर बायका जमल्या. कुणीतरी नेहमीसारखी विल्सनची चौकशी केली. "तो तुरुंगात आहे," रोझी म्हणाली. "त्याच्या हातून माणूस मेला. मी त्याला इकडे आणणार आहे." ती सरळ उभी होती.

विल्सनचा फोन आला तेव्हा रोझीनं त्याला हे सांगितलं. पुढच्या फोनवर त्यानं सही केल्याचं सांगितलं. आता कागद दोन सरकारांच्या टेबलांवर फिरताहेत. वर्ष लागेल, जास्तही लागेल, कदाचित नकारही येईल. रोझी मात्र तयारीला लागली आहे. काल तिनं विचारलं, "दादा, मुलाखतीच्या रांगेत ऊन लागतं का रे? छत्री घ्यावी लागेल?"

बावीस वर्षं त्या रांगेकडे तोंड करून बसलो होतो मी. बायका उन्हात उभ्या असायच्या की सावलीत, ते मला सांगता आलं नाही. फार लाज वाटली.

"घे छत्री," म्हणालो.