छप्पर नसलेली ओळ

माझ्या नकलांमध्ये राजानंदकाकांची सगळ्यात सोपी. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अन् "थांब जरा, एकच लाइन चुकून राह्यली." काका जालना एमआयडीसीत फिटर. हसनाबादच्या घरी त्यांनी जुन्या प्रिंटरच्या मोटारी काढून पेनानं लिहिणारं मशीन बनवलं. त्याचा प्रोग्रामही स्वतःच लिहिला: 'जी झिरो' वाचलं की पेन उचलून सरकायचं, 'जी वन' वाचलं की टेकवून ओढायचं.

हा सगळा खटाटोप एका पत्रिकेसाठी. ज्योत्स्नाकाकूला जाऊन वर्ष होत आल्तं. वस्तीतली प्रत्येक पत्रिका काकूच्या हातची. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाचीही तिच्याच अक्षरात निघावी, एवढंच काकांना पाहिजे होतं. तिच्या वहीतलं एकेक अक्षर गिरवून त्यांनी मशीनला दिलं.

पहिला कागद त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीनं, सुमेधानं बघितला. "हे आईचं न्हाई."

"अगं, तिच्याच वहीतलं हाये."

"आई आधी सगळी ओळ लिहायची. मंग छप्पर घालायची."

बरोबर होतं. मशीन प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेघ मारत होतं, तुकडे तुकडे. मी काकूचा आवाज काढला, "चला, बसले गं सगळे ओळीत, आता छप्पर घालते!" अन् हवेत एका दमात रेघ ओढली. सुमेधा खदखदून हसली. काका पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ आलेच न्हाईत.

मग त्यांनी प्रोग्राम बदलला. रेघा राखून ठेवायच्या, ओळ संपली की एकदम ओढायच्या. आता बिलकुल काकू!

शेवटच्या ओळीवर मात्र अक्षरं झाली अन् छपराआधीच पेन वर उचलून मशीन थांबलं. 'आपण सर्वांनी अवश्य यावे' ही ओळ काकांनी वहीच्या शेवटच्या पानावरून जशीच्या तशी घेतली होती. सुमेधाच्या वाढदिवसाची पत्रिका लिहिताना तिथंच काकूच्या छातीत कळ आल्ती.

"प्रोग्राम बराबर हाये," काका हळूच म्हणाले. "तिनंच घातलं न्हाई."

"तुम्ही घाला ना, बाबा."

काकांनी प्रोग्रामात छपराची एक लाइन टाइप केली. बोट बटणावर तसंच राहिलं. "तू म्हण ना," ते मला म्हणाले, "तिच्यासारखं."

मी तोंड उघडलं. आवाज माझाच निघाला.

काकांनी ती लाइन पुसली. पत्रिका तशाच वाटून टाकल्या. शेजारच्या चांगुणाबाईंनी कागदावरून बोट फिरवलं. "माय गं, ज्योत्स्नानं कवा लिव्हून ठेवलं हे?"

"राह्यलंय थोडं, मावशी," काका म्हणाले.