सुप्रीमकाकांचा निकाल

"हे ठरवलं कोणी?" हा प्रश्न सुप्रीमकाका कुठेही विचारत. पिकनिकला पिठल्याऐवजी छोले का, गणपतीची आरती अर्धा तास अलीकडे का आली, काकांचा प्रश्न तयार. आवाज कधी चढायचा नाही. फक्त चष्मा काढून हातात धरायचे. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळात तो चष्मा निघाला की निम्मे लोक चहाकडे वळायचे.

खरं आडनाव करंबेळकर. उमेदीची सगळी वर्षं या भागातल्या पुलांची गणितं करण्यात गेली. मंडळ स्थापन झालं तेव्हा घटना लिहायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी सरळ अमेरिकेची घटना समोर ठेवून आमची लिहिली. ठराव करणार सभा, तो अमलात आणणार अध्यक्ष आणि दोघांचं वाजलं तर निकाल देणार पंच. एवढ्याशा मंडळाला हा लवाजमा कशाला, म्हणून आम्ही हसायचो. पंच व्हायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून तेही त्यांच्याच गळ्यात पडलं आणि सुप्रीम कोर्टावरून पडलेलं नाव चिकटलं ते कायमचं.

"तिघांना एकमेकांची कटकट झाली पाहिजे," ते म्हणायचे. "काँग्रेसला प्रेसिडेंटच्या व्हेटोची, प्रेसिडेंटला काँग्रेसच्या कायद्याची, दोघांना कोर्टाची. कटकट थांबली की समजायचं, घर एकटाच कोणीतरी चालवतोय." रेडमंडहून मीटिंगला जाताना मी त्यांना गाडीत घ्यायचो, तेव्हा पावसात, वायपरच्या खरखरीत हे सगळं ऐकलं आहे. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं.

मग मी अध्यक्ष झालो. शनिवारी सकाळी मंडळाला एक हॉल मिळायचा आणि तो मराठी शाळेला द्यायचा असा सभेचा ठराव होता. शाळेत मुलं नऊ, त्यातली एक माझी रेवा. शिकवायला एक निवृत्त काकू. त्या वर्षी गणपतीत चाळीस जणांचं ढोलपथक उतरवायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. सरावाला तोच हॉल हवा, तीच वेळ हवी. मी एक ईमेल टाकून शाळा कॅन्सल केली. काकूंनी पंचांकडे तक्रार केली. चार दिवसांत टाइप केलेला निकाल आला: सभेचा ठराव मोडायचा अधिकार अध्यक्षांना नाही, शाळा पूर्ववत सुरू करावी. तळाशी 'अंमलबजावणी झाली' असं छापून पुढे माझ्या सहीसाठी एक रेघ.

"काका, जरा ॲडजस्ट करा ना," मी फोनवर म्हटलं. "स्पॉन्सर्सना कमिट केलंय. मुलं ऑनलाइन शिकतील."

"ॲडजस्ट करायचं तर ते सभा करेल. सभा बोलाव."

मी बोलावली नाही. ढोल दणक्यात वाजले. ज्या सभेने शाळेचा ठराव केला होता, तिनेच उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका शेवटच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर नेहमीसारखे खुर्च्या मिटून भिंतीला लावायला लागले. माझ्यापाशी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "निकालाला पाय नसतात रे. कोणीतरी उचलून न्यावा लागतो." मी हसण्यावारी नेलं. शाळा पुन्हा भरली नाही.

त्याला सात वर्षं झाली. माझी बायको मेधा केंद्र सरकारच्या एका छोट्या ऑफिसात नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करायची. ऑफिस काँग्रेसच्या कायद्याने उभं राहिलेलं. एका सकाळी प्रेसिडेंटकडून आदेश आला आणि ते ईमेलवर बंद झालं. कोर्टाने तो आदेश बेकायदा ठरवला, सगळ्यांना परत घ्या म्हटलं, त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. सोमवारी मेधा कार्ड गळ्यात घालून गेली. कार्ड लावलं तरी दारावरचा दिवा लालच राहिला, दार उघडलं नाही. मंगळवारी पुन्हा गेली. काँग्रेसमधल्या आमच्या प्रतिनिधीच्या ऑफिसातून काळजी व्यक्त करणारं पत्र आलं. तिसऱ्या आठवड्यात तिने ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

काका तेव्हा नर्सिंग होममध्ये होते, नाकात ऑक्सिजनची नळी. एका दुपारी रेवाला घेऊन मी गेलो, सगळं सांगितलं आणि विचारलं, "काका, निकाल आपल्या बाजूने आहे. मग पुढचं कलम कुठलं?"

त्यांनी चष्मा काढला. "पुढचं कलम नाही. खुर्चीवरच्या माणसाला लाज वाटावी लागते. त्याला नाही वाटली, तर सभेला राग यावा लागतो. हे कागदावर लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला होता."

मला लाज वाटली, सात वर्षं उशिरा. 'माझं चुकलं' हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात काकांनी रेवाचा हात धरला आणि ते तिच्याशी हळूहळू बोलू लागले. लहानपणी शाळेत तिने 'ळ' काढायला नकार देऊन फळ्यावर मांजर काढलं होतं, ती आठवण. रेवा मान हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बाबा, व्हॉट डिड ही से?"

मी भाषांतर करून सांगितलं. काका भिंतीकडे बघत होते. माफी मागायची राहून गेली.

पंधरा दिवसांत ते गेले. त्याच सुमारास वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाच्या निकालाला स्थगिती दिली आणि मेधाच्या ऑफिसची पाटी उतरली. काकांच्या मुलाने मंडळाची फाईल माझ्याकडे आणून दिली. त्यात तो निकाल होता, सहीची रेघ कोरी. मी पेन काढलं. रेघेच्या आधी छापलेलं वाचलं, 'अंमलबजावणी झाली'. ते खोटं होतं. मी पेन परत खिशात ठेवलं.