पुढच्या मॉडेलरची वाट

एका रविवारी सकाळी मी माझ्या मित्राशी खोटं बोललो. गिटार वाजवणारी माणसं एकमेकांशी रोज बोलतात तसलंच ते वाक्य होतं: "आत्ता नको, थांब. नवीन येतंय." पण त्या थांबण्यात त्याच्या वडिलांनी हातानं बनवलेल्या अ‍ॅम्पचा आवाज गेला, आणि तो आता कुठल्याच दुकानात, कुठल्याच देशात मिळणार नाही. चूक माझी होती. ती मला लगेच कळली होती. कबूल करायला मात्र वर्ष लागलं.

आधी हे मॉडेलर प्रकरण काय ते सांगायला हवं. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा असा आवाज फारसा नसतो, तो घडतो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये. पूर्वी त्यासाठी व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचे, जड खोके लागायचे. आता जेवणाच्या ताटाएवढा एक डबा पायाशी ठेवला की झालं. त्यात संगणक असतो, आणि जगातल्या नावाजलेल्या अ‍ॅम्पचे आवाज तो जवळजवळ हुबेहूब काढतो. हाच मॉडेलर. अलीकडचे मॉडेलर आणखी एक गोष्ट करतात. समोर खरा अ‍ॅम्प ठेवून माइक लावला, की डबा त्या अ‍ॅम्पमध्ये काही चिरचिर-खरखर सोडतो, परत आलेला आवाज ऐकतो आणि त्या अ‍ॅम्पची नक्कल स्वतःत साठवून ठेवतो. पाच-दहा मिनिटांचं काम. आम्ही त्याला कॅप्चर घेणं म्हणतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गिटार हा माझा सुट्टीचा नाद. खरं सांगायचं तर गिटारपेक्षा मला मॉडेलरच्या बातम्यांचाच नाद जास्त. नाशिकमधल्या आम्हा आठ-दहा गिटारवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात माझं काम ठरलेलं होतं: पुढे काय येणार ते सांगायचं. मुंबईच्या डीलरकडे एखादं मॉडेल संपलेलं दिसलं की मी लिहायचो, 'जुना माल काढतायत, नवीन आलाच समजा.' युरोपातल्या एका कंपनीनं डब्यावरचा पडदा मोठा केला, की आता अमेरिकेतली कंपनी दोन प्रोसेसर टाकून उत्तर देणार, आणि सहा महिन्यांत चिनी कंपन्या तेच अर्ध्या किमतीत आणणार, असं मी छातीठोकपणे सांगायचो. कुणीतरी लांबून काढलेला अंधुक फोटो फिरायला लागला तर त्यातली बटणं मोजायचो. कधी खरं ठरायचं, बऱ्याचदा नाही. माझा मित्र मला हवामान खातं म्हणायचा.

"काय म्हणतंय आज हवामान खातं?" रविवारी मिसळीच्या टेबलावर तो विचारायचा.

"जानेवारीत नक्की येतंय."

"मागच्या जानेवारीतपण नक्कीच होतं ना रे?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. मनातून मात्र मला ते आवडायचं. ऑफिसात मला कुणी काही विचारत नाही. इथे माणसं डबा घ्यायच्या आधी मला फोन करायची. आणि मी प्रत्येकाला थांबायलाच सांगायचो. जो डबा अजून आलेला नसतो त्यात एकही खोट नसते, म्हणून मला तोच सगळ्यात आवडायचा.

आमच्यात गिटारवर पोट असलेला माझा हा मित्र एकटाच. देवळाली कॅम्पला घराच्या पुढच्या खोलीत तो क्लास घ्यायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याचे वडील तिथल्याच लष्करी वर्कशॉपमध्ये वायरलेस संच दुरुस्त करायचे. मुलगा कॉलेजात गेला आणि गिटार-गिटार करायला लागला, तेव्हा परदेशी अ‍ॅम्प आणणं त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. मग वडिलांनीच बनवायला घेतला. व्हॉल्व्ह जुन्या रेडिओंमधले, स्पीकर बंद पडलेल्या एका थिएटरचा, खोकं मोडक्या कपाटाच्या फळ्यांचं आणि त्याला रंग लष्करी हिरवा. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा त्यांनी घरी गुंडाळली, हाताच्या ड्रिल मशीनवर. पुढच्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं तिथे यांनी काहीच लिहिलं नाही.

मी पुष्कळ अ‍ॅम्प ऐकलेत. तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. हळू वाजवलं तर गळा दाटल्यासारखा यायचा, जोरात वाजवलं की फाटायचा, पण फाटताना त्याला एक गोलाई असायची. वडील गेले त्यानंतर मित्र कार्यक्रमाला निघाला की त्याची आई दारात येऊन सांगायची, "नीट ने रे त्याला." त्याला म्हणजे अ‍ॅम्पला.

मी कॅप्चरवाला डबा घेतला तेव्हा मित्रानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं.

"बाबांचा आवाज त्यात घेऊन ठेव ना. मग मी एखादा स्वस्तातला डबा घेईन, तू मला त्यात टाकून दे. कार्यक्रमाला डबा नेईन. हा घरी राहील. फार हाल होतायत त्याचे टेम्पोत."

"ये कधीही," मी म्हणालो. मग कधी त्याचे कार्यक्रम, कधी माझी शिफ्ट. शेवटी एक रविवार ठरला.

त्या आठवड्यात माझ्या सगळ्या भाकितांना जोर आला होता. नवा डबा जाहीर होणार, त्याची कॅप्चर आताच्यापेक्षा दसपट हुबेहूब असणार, असं मीच ग्रुपवर लिहीत होतो. नवीन जाहीर झालं की जुन्याला कुणी विचारत नाही. म्हणून मी शुक्रवारी माझा डबा पुण्याच्या एका माणसाला विकून टाकला. रविवारचं माझ्या लक्षात होतं. मित्राला फोन करावा असंही वाटलं होतं. उद्या करू म्हटलं, आणि शनिवारी केला नाही.

रविवारी लिफ्ट बंद होती. मित्र तो अ‍ॅम्प उचलून तीन मजले चढून माझ्या घरी आला. दारात उभा राहिला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. खांद्यावर गिटार, खिशात माइक, तोही कुणाकडून तरी मागून आणलेला.

"पाणी दे आधी," तो म्हणाला. "आणि हे सामान कुठं ठेवू?"

मी पाणी दिलं. डबा विकला, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण दोन दिवस आधी मी त्याचा रविवार विसरल्यासारखा वागलो होतो, हे त्याच्या घामाकडे बघत मला म्हणवेना. मी म्हणालो, "अरे, एक गोष्ट आहे. आत्ता घेतलं तर कच्चं येईल. दोन महिन्यांत नवीन येतंय, त्यात घेऊ. बाबांचा आवाज आहे, एकदाच घ्यायचा तर नीट घेऊ."

बाबांचा आवाज हे शब्द मी मुद्दाम वापरले. तो त्याला नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं.

तो म्हणाला, "आत्ता आणलाय तर कच्चा तर कच्चा घे ना. नंतर पक्का घेऊ."

"उगाच कशाला? माझ्यावर विश्वास ठेव."

"ठेवला बाबा," तो म्हणाला. चहा घेतला, आणि अ‍ॅम्प उचलून तीन मजले खाली गेला. मी एक बाजू धरायला गेलो तर म्हणाला, "राहू दे, मला त्याची सवय आहे."

दोन महिन्यांत काही आलं नाही. चौथ्या महिन्यातही नाही. मी ग्रुपवर कारणं देत होतो: चिप मिळत नाहीत, प्रतिस्पर्धी कंपनी काय करते ते बघतायत. तो मधूनमधून विचारायचा, मी तेच ऐकवायचो.

मग भगूर रस्त्यावरच्या एका लॉन्सवर, लग्नाआधीच्या संगीताच्या दुपारच्या कार्यक्रमात ते झालं. मीही तिथे होतो, ऐकायला गेलो होतो. मंडपवाल्यांनी स्टेजवरचा गालिचा ओढला आणि त्याबरोबर अ‍ॅम्पच्या मागची स्पीकरची वायर निघाली. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू ठेवायचा नसतो, आतली ताकद आतच फिरते. मित्राला वाटलं साउंडवाल्यानं त्याचा आवाज कमी केलाय. तो हातवारे करत, हसत, आणखी जोरात वाजवत राहिला. आणि मग वास आला. वार्निश जळल्याचा. त्यानं गिटार खाली ठेवली आणि पळत जाऊन प्लग ओढला. तोपर्यंत वडिलांनी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

त्या दिवशी तो अ‍ॅम्प तिथे असायलाच नको होता. घरी असायला हवा होता. त्याला कारण मी होतो, आणि मित्राला ते माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर तोच मला म्हणाला, "तू कशाला तोंड पाडून बसलायस? चालायचंच."

भद्रकालीत एक म्हातारे वाइंडर आहेत, जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून भरतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जळालेला गोळा चाकूनं खरवडून पाहिला आणि विचारलं, "तारेचे फेरे किती होते?"

मित्रानं तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाली, "ते फिरवायचे आणि मी मोजायचे. शंभर झाले की एक चिंचोका वाटीत टाकायचा. किती चिंचोके झाले ते आता कसं आठवणार रे? तुझे बाबा मधेच काढून पुन्हा गुंडाळायचेसुद्धा. मनासारखं होईना त्यांच्या."

वाइंडर म्हणाले, "जळालेली तार मोजता येत नाय भाऊ. मी माझ्या अंदाजानं भरतो. वाजेल."

वाजला. आठ दिवसांनी मित्रानं घरी जोडला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. आवाज स्वच्छ होता, सरळ होता, कुठल्याही अ‍ॅम्पचा असतो तसा. त्यानं दोन-चार वेळा बटणं फिरवून पाहिली. आतल्या खोलीतून त्याच्या आईनं विचारलं, "दुसरा आणलास का रे?"

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मी चपला घालून घरी आलो. त्याहून वाईट म्हणजे नंतर ग्रुपवर कुणीतरी हळहळलं, तेव्हा मी लिहिलं, 'तशीही त्या अ‍ॅम्पची कॅप्चर नीट आली नसती, जुन्या डब्यांना तेवढं जमत नाही.' मित्रानं त्याखाली नुसता हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

यंदा तो नवा डबा आला. मी घेतला. पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या ग्रुपमधल्या एका पोराकडच्या जुन्या मॉडेलवर घेतलेली कॅप्चर आणि माझ्या नव्यावरची, एकाच अ‍ॅम्पच्या, मी डोळे मिटून आलटून पालटून ऐकल्या. शंभरदा ऐकल्या असतील. मला फरक सांगता आला नाही. दसपट सोडाच. म्हणजे मी खोटं बोललो नसतो, खरंच माझ्या भाकितावर विश्वास ठेवून त्याला थांबवलं असतं, तरी ते चुकीचंच ठरलं असतं. तो म्हणाला होता ते बरोबर होतं. कच्चा तर कच्चा.

ग्रुपवर सगळे विचारत होते, कसा आहे? मी उत्तर दिलं नाही. पुढच्या मॉडेलबद्दल कुणीतरी लगेच काहीतरी लिहिलं होतं, तेही वाचलं नाही. शनिवारी दुपारी कॅम्पला गेलो. क्लास सुटला होता. मित्र खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता. हिरवा अ‍ॅम्प कोपऱ्यात होता, त्यावर वह्यांचा गठ्ठा.

"ये. आणलास का डबा?"

"नाही आणला. बस जरा."

"का रे, काय झालं? घरी सगळं ठीक?"

मी सांगायला लागलो. शुक्रवार, पुण्याचा माणूस, शनिवारी न केलेला फोन. त्यानं मधेच थांबवलं. "म्हणजे मी वर आलो तेव्हा तुझ्याकडे डबाच नव्हता?"

"नव्हता."

"मग तसं सांगायचं ना! मी शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो. पाथर्डी फाट्याच्या त्या पोराकडेही होता की डबा." हातातली खुर्ची त्यानं खाली ठेवली. आवाज चढला नव्हता. "तीन मजले रे."

"हो."

त्यानं अ‍ॅम्पवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मला नको सांगूस. आत जा. आईला सांग."

त्याची आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. "आलास होय," ती म्हणाली, "किती दिवसांनी." मी उभाच राहिलो. बसायला सांगितलं तरी बसलो नाही. आणि तिला कळेल अशा शब्दांत म्हणालो, "आई, तुमचा मुलगा ते मशीन माझ्या घरी घेऊन आला होता, बाबांचा आवाज साठवून ठेवायला. माझ्याकडे तेव्हा त्याचं साधन नव्हतं, मी ते विकलं होतं. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो आणि त्याला परत पाठवलं. नाहीतर ते मशीन त्या कार्यक्रमाला गेलंच नसतं. तुम्ही दोघांनी बनवलेलं माझ्यामुळे जळालं. मला ते परत देता येणार नाही. माझं चुकलं, आई. मला माफ करा."