ताट माझ्यापुढून गेलं

येशूच्या आठवणीत वाटतात त्या प्रभुभोजनाचं ताट आमच्या रांगेत आलं. मी हात पुढं केला. देवळातल्या मंडळीच्या पंचांनी ताट उचललं आणि शेजारच्या बाईपुढं धरलं. माझा हात तसाच उघडा राहिला. सगळ्या बायकांनी पाहिलं.

ताटातली चपाती मी केलेली होती. आमच्या राहात्याकडच्या या लहान देवळात बेकरीचा पाव घेत नाहीत. बिनखमिराची चपाती करून तिचे तुकडे करतात. दर महिन्याला ती मीच करते. ते चालतं.

मी नवऱ्याला सोडून आईकडं आले, एवढा माझा गुन्हा. तो पिऊन मारायचा. डाव्या कानानं मला आता कमी ऐकू येतं. मागच्या प्रभुभोजनाला तो मंडळीपुढं उभा राहिला, "चुकलो" म्हणाला, रडला. तेव्हाही तोंडाला वास होता. पंचांनी त्याला मिठी मारली. आज तो पुरुषांच्या बाजूला बसून तुकडा चघळत होता.

भक्ती सुटल्यावर पंचांनी मला दारातच गाठलं. रिटायर हेडमास्तर, बागायतवाले. आवाज अजून वर्गातलाच.

"देवानं त्याला माफ केलं. तू कोण देवापेक्षा मोठी लागून गेलीस? आधी नांदायला जा. मग ताटाला हात लाव."

मागून एक बाई म्हणाली, "चौथी शिकून एवढा ताठा. धाव्वी झाली असती, तर देवळाची पाळकच झाली असती ही." बायका हसल्या.

मी चारचौघांत कधी बोलत नाही. प्रार्थनासुद्धा मनात करते. तरी बोलले.

"मी पापी हाय, गुरुजी. माझी पापं मी रोज देवाला सांगते. पर मार खायाला गेले न्हाई, ह्ये पाप न्हाई. त्याची माफी मी मागनार न्हाई."

"देवाच्या प्रेमाची तुला किंमत नाही."

किंमत नाही? मी पापी असताना येशूनं माझ्यासाठी जीव दिला. आधी नांदून ये, असं तो म्हणाला नाही. त्याचं प्रेम यांनी दोरीसारखं वापरलं. नवऱ्याला सोडवायला आणि मला बांधायला.

आई म्हणते, दुसऱ्या देवळात जाऊ. का जाऊ? मी नांदायला जाणार नाही आणि देऊळही सोडणार नाही. पुढच्या प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत बसणार. मला चुकवलं तर उठून ताट ठेवतात त्या टेबलापाशी जाणार आणि स्वतः घेणार. अडवायचं असेल तर पंचांनी माझा हात धरून अडवावं. सगळ्यांच्या देखत.